डाग

ऐकतो, पण बोलत नाही,
असं रूबेन झिराडकर सेटबद्दल म्हणाला
आणि टॉवेलात गुंडाळलेला तो खोका
माझ्या टेबलावर ठेवला.
रास्ता पेठ ते पाषाण, रिक्षात, मांडीवर.

तीन रविवार झाले म्हणे.
सकाळी सातला चाळीस मीटरवर सगळे जमतात,
सांगली येते, वर्धा येते,
देवरुखचा तो खोकणारा मास्तर येतो.
हजेरीत याचं नाव निघतं.
हा बटण दाबून ओरडतो, आहे, आहे,
आणि पलीकडे बोलतात,
झिराडकर आजपण नाहीत, बरे असतील ना?

फोन करायचा की, मी म्हटलं.
त्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जसं पोहायला निघालेल्याला मी बादली दिली.

तपकीर गल्लीत तोंडीच निदान झालेलं:
फायनल उडाले. जोडी अठराशेला, ओरिजिनल, जपानी.
घेऊनच आला होता.
मी थिनरचा बोळा फिरवला.
जपान बोळ्यावर उतरला.

मग बसले.
व्होल्टेज तेरा पूर्णांक आठ. ठीक.
बटण दाबलं की रिले टक् करतो. ठीक.
करंट मात्र दोन अँपिअरवर अडून बसलेला.
बिनतारी खात्यात सव्वीस वर्षं हेच केलं:
अर्ध्यात जायचं, विचारायचं, बिघाड अलीकडे की पलीकडे,
मग उरलेल्याचं अर्धं.
(संसारात ही पद्धत चालली नाही,
तिथं नेमकं अर्धं कुठं, तेच कळत नाही.)

चार वाजले. खालून भंगारवाला ओरडत गेला.
रूबेननं सेटवर हात ठेवला.

शेवटी खराट्याची काडी घेतली.
काडीला वीज लागत नाही आणि घाई नसते.
बोर्डावर हलकेच टोचत गेले,
कॉइल, ट्रिमर, तारेचं वेटोळं,
आणि रिलेच्या तिसऱ्या पायापाशी
सुई उडी मारून उठली.
पडली.
टोचलं. उठली.

भिंगाखाली: पायाभोवती गोल काळी रेघ,
केसाहून बारीक.
कोरडा सांधा. वरून गुबगुबीत,
आतून कुणालाच न धरलेला.
आणि त्या गोळ्याला उजवीकडे बारकं शेपूट.

शेपूट मी ओळखते.
आयर्न उचलताना उजवीकडे ओढायची खोड,
वाघमोडेसाहेब त्यावरून किती बोलायचे.
अठ्ठ्याण्णव साली हा रिले मीच बदलला होता,
लाइट जायच्या आत, घाईघाईनं,
आणि वर शंभर रुपये घेतले होते.
इतकी वर्षं तो पाय
नुसता टेकून उभा होता.

याला आमच्यात डाग देणं म्हणतात.
पदरावर पडतो तोही डाग,
पेटीत जपून ठेवतो तोही डाग.
सांगावं की नाही, या विचारात
जुनं कथील शोषून घेतलं, राळ लावली,
या वेळी पायही तापू दिला, पत्राही,
मग कथील आपणहून वाहिलं
आणि चार श्वास मी हात हलवला नाही.

माझाच होता, म्हटलं.
माहितेय, तो म्हणाला,
दुसऱ्या कुणाला उघडू दिलाय कधी?

अँटेनाच्या जागी साठचा बल्ब जोडला. बोल.
काय बोलू?
"काय"ला बल्ब लख्ख झाला, "बोलू"ला मिणमिणला.
मग त्यानं एकपासून वीसपर्यंत म्हटलं,
पुन्हा उलटं म्हटलं.
मी बंद कर म्हणेपर्यंत चहा गार झाला होता.

रविवारी मी घरी रिसीव्हर लावून बसले.
सांगली. वर्धा. मास्तरचा खोकला.
झिराडकर?
खरखर.
मग तो: आहे.

सगळे थांबले. तीन आठवड्यांचं साठलेलं
आता निघणार म्हणून कुणी मध्ये बोलेना.

काही नाही, तो म्हणाला,
चालू द्या तुमचं. ऐकतोय.